एक पाय जमिनीला

९ फेब्रुवारी, रविवार

आज भाजी चिरता चिरता हरिता म्हणाली, "आत्ते, मेलेल्या राजांच्या कागदांचे एवढे फोटो काढलीस, माझा एक पण नाही." सहज म्हणाली. पण मला लागलं.

खरंच आहे. इथे तमिळ मुलखात राज्य केलेल्या मराठी राजांच्या राजवाड्यातल्या ग्रंथालयात एकतीस वर्षं मी फोटो काढले. ताडपत्रं आणि रुमालात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे, दुसरं काही नाही. कॅमेरा खाली तोंड करून स्टँडला आवळलेला, खाली कागद, दोन्हीकडे दिवे. कागद हलत नाही, कॅमेरा हलत नाही, मीही हलत नसे. निवृत्त होऊन आठ महिने झाले तर आता गुडघे हलेनासे झालेत. दुपारी जेवून पडलं की उठावंसं वाटत नाही.

हरिता माझ्या भाच्याची मुलगी. भरद्वाज आणि त्याची बायको मस्कतला नोकरीला. पोर नऊ वर्षांची असताना माझ्यापाशी ठेवून गेले, दोन वर्षांत नेतो म्हणून. ती आता अठराची झाली. बाप मला आत्या म्हणतो म्हणून तीही आत्तेच म्हणते. घरात आम्ही दोघीच.

ती शर्यत खेळते, चालण्याची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते. पण जिल्ह्यात तिच्यापुढे कोणी नाही, आणि चेन्नईच्या एका कॉलेजात खेळाडूंच्या जागा असतात, त्यातली एक तिला मिळेल असं तिचा मास्टर म्हणतो. प्लस टू, म्हणजे बारावी, संपलं की मे महिन्यात निवड.

ही वही देवनागरीत लिहिते आहे. हरिता मराठी समजते, तोडकंमोडकं बोलते, पण वाचायला तिला तमिळ आणि इंग्रजीच येतं. या घरात ही अक्षरं वाचणारी मी एकटी. तेव्हा मनात येईल ते लिहायला हरकत नाही.

१६ फेब्रुवारी

दक्षिण वीथीवरच्या विघ्नेशकडे गेले. तो लग्नांचे फोटो काढतो, त्याच्या बापापासून ओळख. त्याने त्याची जुनी लांब लेन्स वापरायला दिली. "अम्मा, आता लग्नात कोणी एवढ्या लांबून काढत नाही, सगळे छातीवर येऊन काढतात. न्या तुम्ही." जड आहे. मांडीवर मांजर बसल्यासारखं वजन.

लेन्सच्या अंगाला एक बटण आहे, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारं. स्टेबिलायझर. विघ्नेश म्हणाला, हे सुरू ठेवा, तुमच्या वयाला बरं. माझ्या वयाला. त्याचे स्वतःचे केस पिकलेत.

ग्रंथालयातल्या माझ्या लेन्सलाही असं बटण होतं. ते मी बंद करून वर चिकटपट्टी लावून टाकली होती, एकतीसपैकी शेवटची बारा वर्षं. कॅमेरा स्टँडवर असला की ते यंत्र नसलेलं हलणं शोधत बसतं आणि आपणच थोडं हलतं. अक्षरं पुसट येतात. घरी आल्यावर पहिलं काम मी काय केलं, तर या लेन्सचंही बटण बंद केलं आणि वर पट्टी लावली. हाताला खोड आहे. पट्टी लावून झाल्यावर मला कळलं.

२० फेब्रुवारी

पहाटे साडेपाचला तिच्याबरोबर पुदू आरूच्या रस्त्याला. कालवा कोरडा आहे, तळाला पोरं क्रिकेट खेळतात, पण काठाचा रस्ता सपाट आणि झाडाखालचा. धुकं होतं. मी पुलाच्या कट्ट्यावर बसले. गुडघे दुखत होते, डास चावले, थर्मासमधली काफी निवली होती, आणि नव्वद फोटोंतला एकही कामाचा आला नाही. सगळे पुसट. पट्टी काढून बटण सुरू केलं तर आणखी वाईट. ती डावीकडून उजवीकडे जाते, मी कॅमेरा तिच्याबरोबर फिरवते, तर लेन्सला वाटतं म्हातारीचा हात हलला, आणि ती मला मागे ओढते. डोळ्यापुढचं चित्र आधी अडतं, मग उडी मारतं. म्हणजे माझ्या मुद्दाम फिरवण्यालाही ती चूकच समजते.

मास्टर गणेशकुमार सायकलवरून तिच्या मागे होते. बोलके गृहस्थ आहेत, दम लागत नाही. त्यांनी मला शर्यतीचा नियम सांगितला. एक पाय कायम जमिनीला पाहिजे, आणि पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ पाहिजे. पंच नुसत्या डोळ्याने बघतात, कॅमेरा चालत नाही. तीन वेगवेगळ्या पंचांनी लाल कार्ड दिलं की बाहेर. पुढे म्हणाले, "अम्मा, तुम्ही फोटो काढा, पण पायांचे कोणाला पाठवू नका. जगातल्या कुठल्याही चालणाऱ्याचा वेगाने काढलेला फोटो घ्या, दोन्ही पाय हवेत दिसतात. डोळ्याला दिसत नाही ते दिसतं त्यात." मी बरं म्हटलं. परतताना वांगी घेतली, कोवळी मिळाली.

२ मार्च

उद्यापासून हरिताची परीक्षा. महिनाभर चालणं फक्त संध्याकाळचं. मला बरंच झालं, झोप होईल.

२३ मार्च

विघ्नेशने दुकानात उभं राहून शिकवलं. त्या बटणाच्या शेजारी आणखी एक बटण आहे, एक आणि दोन असं लिहिलेलं. एकवर ते सगळीकडचं हलणं थांबवतं. दोनवर आडवं फिरवणं सोडून देतं आणि फक्त वरखाली हलणं धरतं. धावणाऱ्या, चालणाऱ्या, गाडीवर जाणाऱ्या माणसासाठी दोन. दुसरं म्हणजे फोटो काढायचं बटण अर्धं दाबून चित्र स्थिर होण्याची वाट बघायची नाही. "तुम्ही वाट बघता अम्मा. मुहूर्तावर मंगळसूत्र बांधून झाल्यावर काढल्यासारखं येतं तुमचं." खरं आहे, मी वाट बघते. एकतीस वर्षं वाट बघूनच दाबलं.

तिसरी गोष्ट म्हणजे उजेड भरपूर असेल आणि शटरचा वेग सेकंदाचा दोन हजारावा भाग असेल तर स्टेबिलायझरची गरजच नाही, तेव्हा हात कितीही कापला तरी फोटोत येत नाही. मग एवढं शिकवलं कशाला, म्हटलं. तो हसला. उजेड कायम भरपूर नसतो म्हणाला.

दुकानापुढच्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोपेडींवर तासभर सराव केला. कंबरेतून वळायचं, पाय रोवून. एक बाई मोपेड थांबवून विचारायला आली, पोलिसांतल्या का तुम्ही.

६ एप्रिल, रविवार

जिल्ह्याची स्पर्धा. दहा किलोमीटर, म्हणजे मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. सकाळी सहाला सुरू केली तरी पंधराव्या फेरीपर्यंत ऊन डोक्यावर. मी आठव्या फेरीलाच दमले, आणि मी तर खुर्चीवर होते.

हरिता पहिली. एकही लाल कार्ड नाही. मागे तिरुवैयारुची शांभवी, अर्धी फेरी मागे. तिचे वडील रामस्वामी दोरीपाशी उभे राहून तिला पाणी देत होते. शर्यत संपल्यावर हरिता माझ्यापाशी येऊन गवतावर आडवी झाली आणि म्हणाली, "आलं का माझं काही?"

आलं. घरी येऊन संगणकावर बघितलं तर शेवटच्या वळणावरचा एक फोटो असा आला आहे की एकतीस वर्षांत माझ्या हातून असं काही झालेलं नाही. दोन हजारावा वेग. घामाचा थेंब हनुवटीवर सुटायच्या बेतात, मुठी घट्ट, जबडा सैल. आणि दोन्ही बूट जमिनीपासून वर, मधे बोटभर उजेड. खाली तिची सावली वेगळी पडलेली. किती वेळ बघत बसले कोण जाणे. भात करपला.

तिला दाखवला. ती म्हणाली, "छान आलंय आत्ते. आपल्यापाशीच ठेवू." लाजली असेल.

८ एप्रिल

दुपारी चेन्नईहून फोन. कॉलेजच्या खेळविभागाच्या बाई. जिल्ह्याची वेळ त्यांच्यापर्यंत पोचली, त्रेपन्न मिनिटं. दोन जागा आहेत, दहा मेला निवडीची शर्यत, पण तुमची मुलगी आहे तशी चालली तर प्रश्नच नाही म्हणाल्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हॉस्टेल.

हरिताने लगेच पेटी काढली. अजून महिना आहे शर्यतीला, आणि ही आत्ताच चादरी मोजते. "आत्ते, बादली नेऊ की तिथे घेऊ? तू एकटी नीट जेवशील न्हवे? की नुसतं दहीभात खाशील?" मी म्हटलं, मी काय लहान आहे का गे. ती गाणं म्हणत पेटी पुसत होती. चांगलं झालं. तिच्या जन्माचं सोनं झालं. माझं डोकं मात्र दुपारपासून दुखतं आहे, उन्हाचं असेल. जेवलेही नाही नीट.

संध्याकाळी करायला काही नव्हतं म्हणून तो फोटो जिल्ह्याच्या खेळाडूंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. सगळे पालक, मास्टर लोक आहेत त्यात. एवढा चांगला फोटो पेटीत कुजवायचा कशाला. लोकांनाही कळू दे पोर कशी चालते.

९ एप्रिल

कोणीतरी त्या फोटोवर लाल वर्तुळ काढून परत टाकलं आहे, पायांपाशी. खाली लिहिलंय, ही चाल की पळ?

११ एप्रिल

रामस्वामींनी काढलं ते वर्तुळ. ते लपवतही नाहीत. ग्रुपवर लिहिलं, माझी मुलगी नियमाने चालून दुसरी आली. फोटो चेन्नईला पाठवला आहे त्यांनी. त्यांचा राग येत नाही मला, बाप आहेत.

गणेशकुमार घरी आले. खुर्चीवर बसले पण पाणीही घेतलं नाही. फोटोवरून कोणी बाद करू शकत नाही, म्हणाले, पण दहा मेला सगळे पंच तिचेच पाय बघतील, आणि ती हे जाणून चालेल. मी म्हटलं, मला कोणी सांगितलं असतं तर मी टाकला असता का? ते म्हणाले, "सांगितलं होतं की अम्मा. पुलाच्या कट्ट्यावर. तुम्ही बरं म्हणालात."

मला आठवत नाही. ते पन्नास पोरांशी आणि शंभर आईबापांशी बोलतात, दुसऱ्या कोणाला सांगितलं असेल. मी कॅमेऱ्यामागची बाई, मला खेळाचे नियम कोण सांगायला बसलंय.

हरिता मला रागावली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. पेटी परत माळ्यावर ठेवून दिली.

१४ एप्रिल

तमिळ नवं वर्ष. शेजारून कडुनिंबाची फुलं घातलेली पच्चडी आली. मी डांगर पच्चडी आणि पोळी केली, तिच्या आवडीची. ती अर्धीच जेवली. भरद्वाजचा फोन आला, काय झालं म्हणून. हरिता म्हणाली, काही नाही अप्पा, उन्हाचा त्रास. मला पाठीशी घातलं तिने. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं आणि मला स्वतःची लाज वाटली. नकळत झालेल्या गोष्टीची एवढी लाज वाटायचं कारण काय, तेही कळेना.

२७ एप्रिल

यावर उपाय काढला आहे मी. विघ्नेशला विचारलं, पाय दिसणार नाहीत असा फोटो कसा काढायचा. तो म्हणाला, वेग उतरवा. तिसावा ठेवा. बटण दोनवर, आणि तिच्याबरोबर फिरवा. वरखाली हलणं लेन्स सांभाळेल, आडवं तुम्ही सांभाळा. चेहरा आणि छातीवरचा नंबर स्थिर राहील, पाय नुसते फरफटलेले दिसतील, रंगाचा पट्टा.

आज पहाटे केलं. साठात चार आले, पण काय आले. चेहरा कोरलेला, मागची झाडं नुसती हिरवी ओढ, आणि पायांच्या जागी निळसर धूर. कोणी लाल वर्तुळ काढून दाखवावं त्यावर. डोळ्याला दिसतं तसंच तर आहे हे, पंच बघतात तसं. दहा मेला मी हेच काढणार. स्टेबिलायझर या म्हाताऱ्या हातांना वरदान आहे.

हरिता मात्र वेगळी चालते आहे. टाच टेकली की क्षणभर खाली बघते. मास्टर सायकलवरून ओरडतात, "मान वर". ती मान वर करते, परत बघते.

१० मे, चेन्नई

मैदानाजवळच्या लॉजच्या खोलीत लिहिते आहे, दुपार आहे. हरिता भिंतीकडे तोंड करून पडली आहे. झोपलेली नाही.

एकही कार्ड नाही. इशाऱ्याची पिवळी पाटीदेखील कोणी दाखवली नाही तिला. पाच पंच होते, एक तर प्रत्येक फेरीला वाकून बघत होता. तिच्या पायांत काही चूक नव्हती. ती पंचवीस फेऱ्या पाऊल मोजून चालली, गरम तव्यावरून चालावं तशी, आणि चौथी आली. छप्पन्न मिनिटं. जागा दोन. शांभवी दुसरी. रामस्वामी हरितापाशी आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. मला ते बघवलं नाही.

माझे फोटो चांगले आलेत.

१३ मे

फोटो हरिताला दाखवले. वाटलं, तिला तेवढंच बरं वाटेल. कॉलेजच्या त्या बाईंनीही मागून घेतला एक, भिंतीवर लावायला, किती सुंदर म्हणाल्या.

हरिताने एक फोटो मोठा केला, चेहऱ्यापर्यंत. बराच वेळ बघितला. "आत्ते," म्हणाली, "यात मी भितेय."

मी बघितलं. चेहरा इतका स्थिर आला आहे की लपायला जागाच नाही. डोळे खाली, ओठ दाताखाली. पाय झाकायच्या नादात मी ते बघितलंच नव्हतं.

२ जून

हरिताला इथल्याच कॉलेजात बी.कॉम.ला घेतलं. चालत दहा मिनिटांवर, म्हणजे तिच्या चालीने सहा. गुणांवर मिळालं, काही अडचण आली नाही. पहाटे ती उठत नाही आता. बूट दाराबाहेर उन्हात वाळत घातलेत तसेच आहेत.

घरात दोन माणसांचा भात लागतो. संध्याकाळी ती माझ्या शेजारी बसून शेंगा सोलते, टीव्ही बघते. काल मला काफी करून दिली, साखर बरोबर पडली होती. बरं वाटलं. तिची खोली रिकामी झाली असती या आठवड्यात. मी तिथे कपाट हलवायचं की काय करायचं याचा विचारदेखील केला नव्हता. करवलाच नव्हता.

किती दमले आहे मी. काही न करता दमते.

१७ जून

कालव्याला पाणी आलं म्हणे. लोक पुलावर बघायला गेलेत. मी गेले नाही.

पुलाच्या कट्ट्यावरून आठवलं म्हणून ही वही मागे चाळली. गणेशकुमारांनी मला सांगितलं म्हणून हट्ट धरला होता ना, तर त्यांना दाखवावं की नाही सांगितलं. कागदपत्रांत एकतीस वर्षं काढली, कोणी काही म्हटलं तर आधी तारीख आणि कागद बघायचा, ही सवय आहे.

२० फेब्रुवारी. आहे लिहिलेलं. माझंच अक्षर. पायांचे कोणाला पाठवू नका, आणि का पाठवू नका, सगळं. खाली वांगी कोवळी मिळाली हेही आहे.

मग ८ एप्रिल वाचलं. सहा तारखेला फोटो निघाला. सातला मी तो कोणालाही पाठवला नाही, हरिता म्हणाली होती आपल्यापाशीच ठेवू. आठला दुपारी चेन्नईहून फोन आला, तिने पेटी काढली, मी जेवले नाही. संध्याकाळी पाठवला.

एकतीस वर्षं इतरांचे कागद मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. कोणी काय मुद्दाम केलं आणि काय विसरून, हे तारखांवरून कळतं. दुसऱ्या कोणाची वही असती तर मी एका बैठकीत सांगितलं असतं. मला ती जायला नको होती. मी विसरले नव्हते.

१९ जून

दोन दिवस तिच्याकडे बघता येत नाही. तिने विचारलं, "काय झालं गे आत्ते, ताप आहे का?" कपाळाला हात लावून बघितला. तो हात मला सोसवेना.

सांगायचं तर काय सांगायचं? तोंडाने सांगितलं तर मी बाजू घेईन स्वतःची, ओळखते मी मला. मधेच रडेन आणि तीच माझी समजूत घालेल. ते नको.

२१ जून, शनिवार

सकाळी काफी झाल्यावर तिला समोर बसवलं आणि ही वही वाचून दाखवली. वाचून दाखवते म्हटलं तर हसली. "राजाचे कागद?" माझे, म्हटलं.

२० फेब्रुवारी वाचलं, वांग्यांसकट. मग ८ एप्रिल. शब्द बदलले नाहीत. "माझं डोकं मात्र दुपारपासून दुखतं आहे" इथे ती मान खाली घालून बोटाने फरशीवरची रेघ गिरवत होती.

मी वही मिटली. ती म्हणाली, "मिटू नको. पुढचं वाच."

"पुढे काही नाही बरं."

"वाच आत्ते."

वाचलं. रामस्वामी, पच्चडी, पायांच्या जागचा धूर, लॉजची खोली. दोन माणसांचा भात. घरात कुकर गार पडला होता, कोणी उठलं नाही. सतरा तारखेचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

 ती तमिळमध्ये बोलली, म्हणजे मनातलं बोलली. त्या दिवशी पेटी पुसताना मी गात होते, म्हणाली, तू ऐकत होतीस, मला वाटलं तुला आनंद झालाय. मी म्हटलं, आनंदही झाला होता. ती म्हणाली, मला नवव्या वर्षी ठेवून गेले तेव्हा मी दोन वर्षं रोज दारात बसायचे, तुला माहीत आहे. तू मला कधी दारातून उठ म्हणाली नाहीस, शेजारी येऊन बसायचीस. "आणि आता तू दारच लावलंस."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

ती उठून गेली. दिवसभर खोलीतच होती. मी स्वयंपाक केला, तिने ताट आत नेलं. मला माफ केलं का, ते विचारलं नाही. विचारायची नाही मी.

२२ जून, रविवार

पहाटे सव्वापाचला दार वाजलं. माझं. हरिता बूट घालून उभी, खांद्यावर माझी कॅमेऱ्याची पिशवी. "चल," म्हणाली, "मास्टर पुलावर आलेत." कधी फोन केला त्यांना, कळलं नाही.

वाटेत एवढंच बोलली की डिसेंबरला राज्याची स्पर्धा आहे, आणि पुढच्या वर्षी जागा परत निघतात. "मला माझे पाय बघायचे आहेत. किती वर जातात ते. धूर नको."

पुदू आरू दोन्ही काठांना लागून वाहत होता, गढूळ. मी कट्ट्यावर न बसता खाली रस्त्याच्या कडेला बसले, फोटो पायांच्या उंचीवरून यावा म्हणून. बसताना गुडघ्याने जीव घेतला, उठवायला मास्टर लागणार हे तेव्हाच ठरलं. सव्वासहाला पुरेसा उजेड आला. वेग दोन हजारावर नेला. स्टेबिलायझरचं बटण बंद केलं. वर पट्टी लावली नाही.

ती आली, पूर्ण वेगाने, मान वर. मी वाट न बघता दाबलं.

मग तिघं कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर डोकी घालून बसलो. पहिल्याच फोटोत दोन्ही बूट हवेत. मी तो झाकायला बोट पुढे केलं, तिने माझं बोट बाजूला केलं. मास्टरांनी एक एक बघितला आणि म्हणाले, पायांत चूक नाही, हातांत आहे, मुठी खांद्यापर्यंत चढतात म्हणून अंग उचललं जातं, कोपर खाली ठेव. ती परत गेली आणि कोपर खाली ठेवून आली. या वेळी उजेडाची फट अर्ध्या बोटाची. आठ वेळा केलं. आठव्या वेळी मला ती फट शोधावी लागली.

"उद्या परत," ती म्हणाली. मग मला दोन्ही हातांनी धरून उठवलं, आणि उठवताना माझ्याकडे बघितलं नाही. ठीक आहे.

घरी येऊन जेवले, दुपारी झोप लागली नाही, म्हणून माळ्यावरून पेटी खाली काढली. धूळ पुसली, कुलपाला तेल घातलं. उद्या साडेपाचला निघायचं, थर्मासचं बूच बदलायला हवं. डिसेंबरला सहा महिने आहेत, मग जून. तेवढ्या वेळात मला तिला या घरातून जाऊ द्यायला शिकायचं आहे.